त्याच्या सोळा बारच्या जागेचं काय करायचं?

ताई,

मी रॅप करतो. आम्ही दोघं होतो. बीट तो बनवायचा, हूक म्हणजे परत परत येणारी ओळ, तीही बहुतेक त्याचीच, व्हर्स म्हणजे मधली कडवी, ती आम्ही वाटून घ्यायचो. लेबल नाही, मॅनेजर नाही, सगळं काम त्याच्या खोलीत, त्याच्या लॅपटॉपवर. आठ महिन्यांपूर्वी तो अपघातात गेला. आदल्या रात्री त्याने एका नव्या हूकची चाल गुणगुणून व्हॉइस नोट पाठवली होती. मी ‘उद्या बोलू’ एवढंच लिहिलं आणि झोपलो.

आमची सहा गाण्यांची ईपी (छोटा अल्बम) अर्धवट पडली आहे. दोन गाणी पूर्ण आहेत. दोनमध्ये त्याची व्हर्स कच्ची रेकॉर्ड झाली आहे. उरलेल्या दोनमध्ये त्याच्या सोळा बारची, म्हणजे साधारण सोळा ओळींएवढी, जागा रिकामी आहे, नुसता बीट वाजतो. मी फाइल उघडतो आणि बंद करतो. सगळे म्हणतात, त्याला वर्ष होईल त्याच दिवशी ईपी काढ, लोक उचलून धरतील. एकाने तर त्याच्या आवाजाचं एआय मॉडेल बनवून रिकाम्या व्हर्स भरून द्यायची तयारी दाखवली. मला यातलं काहीच नको वाटतं, आणि काहीच न काढणं हा त्याच्यावर अन्याय वाटतो. मध्यंतरी एका शोला गेलो, स्टेजवर मजा आली, हसलो, आणि घरी आल्यावर स्वतःची लाज वाटली. त्याची आई म्हणाली होती, ‘तुमची गाणी एकदा ऐकव मला.’ चार महिने झाले, मी गेलेलो नाही.

ईपी पूर्ण करू का? की त्याच्या जाण्यावर मी नाव कमावतोय असं होईल?

माइकसमोर गप्प



ईपीचं आपण नंतर बघू. आधी त्याच्या आईकडे जा.

चार महिने का आलो नाही, याचा खुलासा करत बसू नकोस. त्यांना खुलासा नको असेल, मुलाची गाणी हवी असतील. फोन करून विचार, कधी येऊ? जाताना पूर्ण झालेली दोनच गाणी ने आणि एक बऱ्यापैकी स्पीकर ने. कच्च्या व्हर्स पहिल्याच दिवशी लावू नकोस. मिक्स झालेल्या गाण्यातला आवाज गाण्याचा होऊन गेलेला असतो. कच्च्या टेकमध्ये मात्र माणूस खोलीत उभा असल्यासारखा ऐकू येतो, श्वासासकट, ‘थांब, परत घेऊ’ म्हणतो त्यासकट. आईला तो आवाज न सांगता ऐकवायचा नाही. ‘रेकॉर्डिंगच्या मधलं त्याचं बोलणंही आहे माझ्याकडे, ऐकायचंय का?’ असं विचार, आणि त्या ‘आत्ता नको’ म्हणाल्या तर विषय तिथेच सोड. गाण्यांत शिव्या आहेत म्हणून संकोच वाटत असेल तर तोही सोड. आपला मुलगा कसा बोलायचा हे त्यांना माहीत आहे.

इतका आग्रह करते आहे, कारण ईपी काढावी की नाही आणि काढली तर कशी, यात त्या घराचा शब्द तुझ्या शब्दाच्या बरोबरीचा आहे. तो शब्द मागायला जाण्याआधी एकदा नुसतं ऐकवायला जाऊन ये. पहिल्या भेटीत सहीचा कागद नको, तारखेची चर्चा नको.

आता तुझ्याबद्दल. मित्र गेला की सांत्वनाला लोक त्याच्या घरी जातात, आणि ते बरोबरच आहे. मित्राला मात्र दोन-तीन आठवड्यांनी ‘काय, नवीन काय चाललंय?’ असं विचारायला लागतात. शोकाचा अभ्यास करणारे केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशाच माणसांबद्दल लिहिलं, ज्यांचं नुकसान खरं असतं पण दुःख करण्याचा हक्क त्यांना कोणी देत नाही. मित्र, सहकारी, जुने प्रेमाचे संबंध असलेली माणसं, सगळी त्यात येतात. तुझ्या बाबतीत तर मित्र आणि काम एकाच दिवशी गेलं. नवी ओळ सुचली की जिथे पहिल्यांदा पाठवायची ती जागाच उरली नाही. तू फाइल उघडून बंद करतोस, त्याला आळस किंवा ब्लॉक म्हणू नकोस. त्या फाइलमध्ये तो आहे आणि नाहीसुद्धा, आणि दोन्ही एकदम सोसायला कोणालाही जड जातं.

‘उद्या बोलू’ हे तुझ्या मनातून जात नसणार, म्हणून त्यावर थोडी थांबते. ‘उद्या बोलू’ आपण त्याच माणसाला लिहितो ज्याच्या उद्याबद्दल आपल्याला शंका नसते. तू त्याची चाल नाकारली नव्हतीस, त्याला टाळलं नव्हतंस. रोज एकत्र काम करणाऱ्या दोन माणसांमध्ये रात्री उशिरा जे बोलणं होतं तेच झालं. दुसऱ्या दिवशी अपघात झाला, म्हणून आदल्या रात्रीचं साधं वाक्य मागे जाऊन गुन्हा ठरत नाही. त्याने स्वतः तुला असं कितीदा लिहिलं असेल, जुने मेसेज काढून बघ. मला खात्री आहे, सापडेल.

आणि ती व्हॉइस नोट आजच फोनमधून बाहेर काढ. चॅटमधून एक्स्पोर्ट कर, संगणकावर ठेव आणि आणखी एका ठिकाणी ठेव. फोन बिघडला, अ‍ॅप नव्याने टाकताना बॅकअप हुकला, आणि शेवटचा आवाज गेला, असं अनेकांचं झालं आहे. ऐकायची ताकद आज नसेल तर ऐकू नकोस, फक्त जपून ठेव.

स्टेजवर हसलास त्याची लाज वाटते म्हणतोस. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोकाचं जे वर्णन मांडलं, ते मला आजवर सगळ्यात खरं वाटलं आहे. माणूस एका बाजूला गमावलेल्याकडे वळतो, आठवतो, रडतो. दुसऱ्या बाजूला जगणं पुन्हा उभं करण्याकडे वळतो, कामाला लागतो, हसतो, नव्या भूमिकेत शिरतो. दिवसातून अनेकदा तो इकडून तिकडे जातो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे हेलकावेच शोक पेलण्याचा मार्ग असतात, आणि दुःखातून थोडी सुट्टी घेणं हाही त्याच मार्गाचा भाग असतो. त्या रात्री तू त्याला विसरला नव्हतास. शोकाच्या पाच पायऱ्यांच्या गोष्टी कोणी सांगितल्या तर त्यात आपण कुठे आहोत ते शोधत बसू नकोस. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांचा अभ्यास करून नव्हे.

तर ईपी. माझं म्हणणं असं की शोक करणं आणि रेकॉर्ड काढणं ही दोन कामं तू वेगळी ठेव. दोन्ही एकाच लॅपटॉपवर होतात म्हणून ती तुला एक वाटतात. पहिल्या कामाला कोणतंच बंधन नको: त्याच्यावर लिही, त्याला शिव्या घालत लिही, एकच ओळ महिनाभर लिही, ऑफबीट रड, वाईट यमकं जुळव. ते कोणालाही ऐकवायचं नाही. दुसऱ्या कामाला मात्र डोकं ठिकाणावर लागतं, कागदपत्रं लागतात, दुसऱ्यांची संमती लागते, आणि त्याला अजिबात घाई नाही.

तुझ्याच संगीतात याची उदाहरणं आहेत. पीट रॉक आणि सीएल स्मूथ यांचं मित्रासाठी केलेलं गाणं हिप-हॉपमध्ये आजही वाजतं. त्यांचा मित्र ट्रॉय डिक्सन १९९० मध्ये गेला आणि गाणं आलं १९९२ मध्ये. ते नीट ऐक. त्यातल्या बहुतेक ओळी सीएल स्मूथच्या घरच्यांवर आहेत, त्याला वाढवणाऱ्या माणसांवर आहेत. मित्राचं नाव येतं ते शेवटाकडे आणि थोडक्यात. तुला लिहिताना ‘तो गेला, तो गेला’ याच्यापुढे जाता येत नसेल तर त्याच्या मरणावर लिहूच नकोस. पॅडवर ताल धरताना तो कोणतं बोट वापरायचा, स्नेअर आवडला नाही की तोंड कसं करायचा, तुझी चौथी बार दर वेळी लांबते म्हणून काय म्हणायचा, ते लिही. सोळा बार भरतील आणि ‘मृत्यू’ हा शब्द एकदाही येणार नाही.

घाई नाही म्हटलं तरी एक काम मात्र लगेच करायला हवं, ते म्हणजे फाइल वाचवणं. लॅपटॉप त्याच्या घरी असेल तर घरच्यांना विचारून, त्यांच्यापैकी कोणी शेजारी बसलेलं असताना, फक्त गाण्यांचे फोल्डर कॉपी कर. बाकी कशात डोकावू नकोस. मूळ प्रोजेक्ट फाइलवर कधीही काम करायचं नाही, आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवी प्रत घ्यायची. त्याच्याकडे असलेले प्लगइन (आवाज घडवणारी जोड-सॉफ्टवेअर) तुझ्याकडे नसतील तर वर्षभराने तोच प्रोजेक्ट उघडून आवाज वेगळा येईल किंवा येणारच नाही. म्हणून त्याच्याच मशीनवर प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून शेवटपर्यंत वेगळा करून वेव्ह फाइलमध्ये काढून ठेव, नावात बीपीएम (मिनिटाला किती ठोके) लिही. टेकच्या आधीचं त्याचं हसणं, खाकरणं, ‘परत घेऊ’ हे मिक्समध्ये नको असेल तर म्युट कर, पण डिलीट करू नकोस. दोन ठिकाणी प्रती ठेव, त्यातली एक त्याच्या घरी.

कच्च्या व्हर्स असलेली दोन गाणी करण्यासारखी आहेत, असं मला वाटतं. डीजे प्रीमियरने गुरू या आपल्या जोडीदाराच्या न वापरलेल्या व्होकल्सभोवती नवे बीट बांधून अल्बम काढला तो २०१९ मध्ये. गुरू गेला होता २०१० मध्ये. नऊ वर्षांपेक्षा जास्त काळ गेला आणि त्याने काही बिघडलं नाही. तुला एकच सांगणं आहे: त्याच्या व्होकल्सचं मिक्सिंग तू करू नकोस. मिक्सिंग म्हणजे त्याच चार बार लूपवर लावून पुन्हा पुन्हा ऐकणं, आवाज सोलो करून ‘स’ कापणं, श्वास कमी करणं. आठ महिन्यांत ते कोणी करू नये. विश्वासातल्या दुसऱ्या माणसाला दे. सांग की पिच सुधारायची नाही, श्वास कापायचे नाहीत, फक्त खोलीचा गोंगाट जाईल तेवढा काढ. तू शेवटी येऊन एकदा ऐक.

रिकाम्या जागा असलेल्या दोन गाण्यांचं मात्र वेगळं आहे. एआय नको. इथे मी दोन्ही बाजू मांडत बसणार नाही. त्याने न लिहिलेली ओळ त्याच्या तोंडी घालायचा अधिकार ना तुला आहे ना एआय मॉडेल बनवून देणाऱ्याला. रॅपमध्ये माणसाचे शब्द हीच त्याची सही असते. ज्याच्यापाशी आता ‘हे मी नाही बोललो’ म्हणायला आवाज नाही, त्याच्याच आवाजात नवीन बोलणं घडवायचं, हे मदतीच्या भावनेनं केलं तरी चुकीचं आहे. ज्याने तयारी दाखवली त्याचा हेतू चांगला असेल. आभार मान आणि नाही म्हण.

मग काय करायचं? ९० बीपीएमच्या बीटवर सोळा बार म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. एका गाण्यात ती ४३ सेकंदं तशीच ठेव. बीट त्याचा आहे ना? मग तिथे तो आहेच. ऐकणाऱ्यातले काही जण गाणं पुढे ढकलतील. ढकलू देत. दुसऱ्या गाण्यात मात्र हीच गोष्ट पुन्हा करू नकोस. दोनदा केली की ती युक्ती वाटायला लागते. तिथे ती व्हर्स काढून टाक, हूक पुढे घे, गाणं छोटं कर. किंवा तुझ्या आवाजात, तुझ्या नावाने, त्याला उत्तर दिल्यासारखी व्हर्स लिही. रेकॉर्ड करताना घसा आवळून येईल, तेव्हा जोर लावू नकोस. चार चार बार घे, आवाज फाटला तर त्या दिवशी थांब.

आता कागदांचं. हे कंटाळवाणं आहे, पण पुढे दोन घरांमध्ये कटुता आली तर ती इथूनच येते. प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द-चालीचा आणि एक रेकॉर्डिंगचा. दोन्हींतला त्याचा वाटा त्याच्या कायदेशीर वारसांकडे जातो. तुमच्यात तोंडी ठरलेलं काही असेल, कदाचित नसेलही. प्रत्येक गाण्याचा एक साधा कागद कर: गाण्याचं नाव, बीट कोणाचा, हूक कोणाचा, कोणती व्हर्स कोणाची, टक्के किती, खाली तुझी आणि वारसाची सही. जिथे शंका येईल तिथे झुकतं माप त्याच्या बाजूला टाक. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या प्लॅटफॉर्मवर पोचवणारी कंपनी) गाणं चढवताना त्याचं नाव मुख्य कलाकार, गीतकार आणि निर्माता म्हणून नीट भर. पैसे गाणं चढवणाऱ्याच्या खात्यात येतात, म्हणून त्यातला वाटा पुढे कसा आणि कधी पोचवणार हेही त्याच कागदावर लिही. तुमची जुनी गाणी त्याच्या खात्यावरून गेली असतील तर तिकडे लवकर लक्ष दे: काही डिस्ट्रिब्युटरांकडे वार्षिक वर्गणी थांबली की गाणी प्लॅटफॉर्मवरून उतरतात. त्याचा पासवर्ड टाकून आत शिरू नकोस, घरच्यांसोबत मृत्यूचा दाखला जोडून त्यांच्या मदत विभागाला लिही. अजून एक. बीटमध्ये त्याने कुठून तुकडा कापला असेल आणि त्याची परवानगी घेतली नसेल, तर ते आता त्याला विचारता येणार नाही. प्रोजेक्टमधल्या ऑडिओ फाइलची नावं बघ. मूळ सापडलं नाही तर ते गाणं विकायला काढू नकोस.

नाव कमावण्याबद्दल विचारलंस. ज्याला हा प्रश्न पडतो आणि झोपू देत नाही, त्याच्या हातून ते मुद्दाम होण्याची शक्यता कमी असते. तरी नकळत होऊ शकतं, म्हणून एक ठिकाण दाखवते. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाआधीच पाठवावं लागतं, किमान ७ दिवस आधी पाठवलेलं बरं, आणि त्या फॉर्ममध्ये गाण्याबद्दल थोडं लिहायची जागा असते. तिथे काय लिहितोस त्यावर बरंच ठरतं. सुरुवात अपघाताने करू नकोस. बीट कसा झाला, हूक कोणी लिहिला, तुम्ही दोघं किती वर्षं एकत्र काम करत होतात, ते लिही. तो आता नाही, हे एकदा, साध्या वाक्यात. रील, पोस्टर, मुलाखत, सगळीकडे हाच नियम. त्याचे हसरे, काम करतानाचे फोटो वापर, तेही घरच्यांना दाखवून. अपघाताचा तपशील विकायचा नाही.

वर्ष होईल त्या दिवशी ईपी काढू नकोस. तो दिवस कसा जाईल हे तुला आज सांगता येणार नाही, आणि प्रकाशनाचा दिवस म्हणजे दिवसभर फोनवर आकडे बघणं, लिंक पाठवणं, अभिनंदनाला ‘थँक्यू’ म्हणणं. पहिल्या वर्षाच्या दिवशी तू अभिनंदन स्वीकारत बसावंस असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्याच्या घरी जा, किंवा क्रूला बोलवून बंद दाराआड सायफर करा, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करा, त्याच्या बीटवर, कोणीही रेकॉर्ड न करता. तारीख विचारणाऱ्यांना सांग, काम चालू आहे, तारीख ठरलेली नाही. ‘लोक तोवर विसरतील’ असं कोणी म्हणालं तर विसरू देत. जे उशिरा ऐकतील तेही ऐकतीलच. आणि कधी काढावीशी वाटलीच नाही, तरी सहा फाइल नीट जपून ठेवणं हेही मित्राचंच काम आहे. त्यात त्याच्यावर अन्याय नाही.

शोमध्ये त्याची गाणी करायची असतील तर त्याची व्हर्स ट्रॅकवर त्याच्याच आवाजात वाजू दे, तू माइक खाली घे. ते गाणं सेटच्या मध्यात ठेवू नकोस, शेवटाकडे ठेव, म्हणजे आवाज गेला तरी पुढचे चार ट्रॅक अडणार नाहीत. डीजेबरोबर एक खूण ठरव, की हात वर केला की बीट पुढच्या हूकवर न्यायचा. सध्या ती गाणी सेटमधून काढलीस तरी कोणाला कारण द्यायची गरज नाही.

शेवटचं. तुझ्या पत्रात झोपेबद्दल, जेवणाबद्दल, बाकीच्या दिवसाबद्दल काहीच नाही, म्हणून विचारते. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाची जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत वेगळी नोंद आहे. त्यात किमान ६ महिन्यांचा काळ धरला आहे, आणि तेवढ्यावर भागत नाही: ओढ आणि वेदना सतत इतकी तीव्र असते की रोजचं जगणंच चालत नाही. तू शोला जातोस, पत्र लिहितोस, हसतोस, त्यामुळे मी तुला आजारी म्हणत नाही. पण रात्र रात्र जागा राहत असशील, कोणाशीच बोलत नसशील, किंवा त्याच्या मागे जावं असं मनात येत असेल, तर ईपी, फाइल, मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव आणि आजच जवळच्या माणसाला सांगून समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला गाठ. तसं काही नसेल तरीही महिन्यातून दोनदा कोणापाशी तरी त्याच्याबद्दल बोल, असा कोणी, ज्याला तुमच्या गाण्यांशी काही देणंघेणं नाही.

आईंना फोन या आठवड्यात कर.

तुझी ताई